कोरडं दळण

माझी माय कारखान्यातून घरी यायची ती पांढरी होऊन. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यांवरसुद्धा पिठूळ थर. आत यायच्या आधी ती दारातच थांबायची, पदर सोडायची आणि भिंतीवर झटकायची. फट् फट् असा तो आवाज संध्याकाळी आमच्या सगळ्या गल्लीत ऐकू यायचा, कारण गल्लीतल्या निम्म्या बाया तिथंच कामाला होत्या. झटकून झालं की ती तांब्याभर पाण्यानं तोंड धुवायची आणि त्या पांढऱ्यातून तिचा सावळा, नाकात चमकी घातलेला चेहरा वर यायचा. लहान होते तेव्हा मला ती गंमत वाटायची. मी तिच्या दंडावर बोटानं रेघोट्या मारायची. ती म्हणायची, "नगं गं माय, डोळ्यात जाईल." डोळ्यात जाईल एवढीच भीती होती तेव्हा. छातीत जातं हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. मालकाला होतं.

त्या मालकाचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझी मुलगी म्हणते, आई, आता तो माणूस राहिला नाही, लिही की. पण नाव लिहिलं की माणूस कागदावर उरतो, आणि त्यानं कुठंही उरू नये असं मला आजही वाटतं. आज नांदेडच्या घरात, दोन वेळचं पोटभर जेवण आणि पोरांचं सुख असतानाही वाटतं. लोक म्हणतात वयानं राग निवतो. माझा निवला नाही, आणि मी तो निवू दिलाही नाही.

कारखाना उदगीरच्या बाहेर, रेल्वे स्टेशनच्या पलीकडं. तिथं गटाराचे पाइप बनायचे, तपकिरी, काचेसारखे चकचकीत, आणि थोड्या लोणच्याच्या बरण्याही. आमच्याकडं त्यांना मर्तबान म्हणत. आमच्या भागात लाल दगडाच्या माळाखाली पांढरट शाडू निघतो. नुसता तो भाजला तर माठासारखं भांडं होतं, पाणी पिणारं. म्हणून त्यात दोन दगड दळून घालत. एक गारगोटी, आणि दुसरा देगलूरकडून गाड्या भरून येणारा गुलाबी दगड. भट्टी भरपूर तापली की हा गुलाबी दगड पाघळतो आणि मातीची बारीक भोकं बुजवून टाकतो. मग त्या पाइपातून थेंब झिरपत नाही, आणि बोटानं टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद येतो. शेवटी भट्टीच्या तोंडातून मीठ फेकायचे, त्याची वाफ मातीवर बसून ती चकाकी यायची. हे मीठ फेकायचं काम माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. उंच, वाकलेला, भित्रा माणूस. भट्टीच्या आगीला भ्यायचे नाहीत, मालकाच्या मोटारसायकलीच्या आवाजाला भ्यायचे.

मायनं मला एकदा भाजलेल्या पाइपाचा आणि साध्या मडक्याचा असे दोन तुकडे आणून दिले. म्हणाली, "जीभ लाव." मडक्याला जीभ चिकटली. पाइपाला चिकटली नाही, नुसतं गार लागलं. "बघ," ती म्हणाली, "ह्याला तहानच न्हाई." तिला त्या कामाचा अभिमान होता, हे सांगायला पाहिजे. आम्ही नंतर जे भोगलं त्यामुळं मी ते विसरू नये. ती गारगोटीच्या चक्कीवर होती. दगड चक्कीत पडताना वरून पाण्याची धार सोडलेली असायची. दुधासारखा गाळ हौदात उतरायचा, तो निवळला की बाया घमेल्यानं उपसायच्या. अंगावर यायचा तो चिखल वाळून पांढरा झालेला. तेव्हा ती खोकायची नाही. घरी येऊन चुलीपुढं बसायची, येसराची आमटी टाकायची, भाकरी थापता थापता चक्कीवरची गाणी म्हणायची, आणि दादा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत बसायचे.

मग जिल्हा झाला. उदगीर उस्मानाबादेतून निघून लातुरात गेलं. त्या दिवशी चौकात पेढे वाटले, फटाके उडाले, आणि आमच्या मास्तरांनी वर्गात सांगितलं की आता आपल्याला कामासाठी लांब जायला नको. लातुरात कचेऱ्या उठायला लागल्या, साहेबलोकांच्या वसाहती, दवाखाना, रस्ते. त्या सगळ्याखालून गटारं जायची होती आणि गटारांना पाइप लागत होते. मालकानं दुसरी भट्टी बांधली. मालगाडी आणि ट्रक भरून पाइप जायला लागले. मी दहावी झाले होते आणि मायच्या मनात मला नर्सिंगला घालायचं होतं. "नवा जिल्हा हाय," ती म्हणायची, "नवा दवाखाना हाय. तिथं पांढरं लुगडं नेसून उभी ऱ्हा. धुळीचं न्हवं, धुतल्यालं पांढरं."

पाऊस गेला तो त्यानंतर. पहिल्या वर्षी लोकांनी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसले, आणि गल्लीत टँकर आला की भांड्यांचा जो खणखणाट उठायचा त्यानं कुत्री पळून जायची. आम्ही भांडी राखेनं घासायचो आणि फडक्यानं पुसायचो. अंबाडीची भाजी दिसेना. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, नाहीतर नुसतं मीठ आणि मिरची. मालकानं चक्कीवरच्या बायांना बोलावून सांगितलं, "विहिरीनं दगा दिला. पाणी नाही. कोरडंच दळा." एका बाईनं विचारलं, धूळ उडंल त्याचं काय? त्यानं मुकादमाकडून गुळाची ढेप मागवली. स्वतःच्या हातानं खडे फोडून एकेकीच्या ओंजळीत ठेवले. "गूळ खात जा. धूळ खाली जाते." बायांना बरं वाटलं. मालकानं हातानं गूळ दिला म्हणून मायनं घरी येऊन कौतुकानं सांगितलं. त्यातला अर्धा खडा तिनं माझ्यासाठी आणला होता. मी तो चघळला. अजून जिभेवर आहे.

कोरड्या दळणानं त्या शेडमध्ये शेजारची बाई दिसेनाशी झाली. आता माय घरी यायची ती नुसती पांढरी नाही, तर आतूनही पीठ भरल्यासारखी. भाकरीचा घास चावताना दातात कचकच यायची. खोकला लागला तो राहीना. पाट्यावर वाटण वाटताना ती दर चार हातांनी थांबायची. गाणी तर केव्हाच बंद झाली. पुढचा उन्हाळा येईस्तोवर तिला आमच्या गल्लीचा चढ चढवेना. उदगीरच्या डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या खाल्ल्या, उतार पडेना. मालकाच्या मुकादमानं निरोप धाडला की टीबीची बाई कामावर नको, दुसऱ्यांना लागेल. तिच्या जागी मी गेले.

चक्कीवर माझी सोबत नूरबी खाला. मायची जुनी मैत्रीण, नवरा टांगा चालवायचा. बोलणं फटकळ, हात राबता. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या तोंडाला फडकं असं आवळून बांधलं की मला श्वास घेता येईना. "घेऊच नको," ती म्हणाली. "जितका कमी घेशील तितकी जगशील, बेटी." ती स्वतःही खोकायची. सगळ्याच खोकायच्या. दुपारी जेवायला बसलं की खोकल्याची एक लाट ह्या टोकाकडून त्या टोकाकडं जायची, आणि मग कुणीतरी हसायचं, कारण दुसरं काय करणार.

मायला मी लातूरच्या नव्या दवाखान्यात नेलं. एसटीत खिडकीशी बसवलं तर ती बाहेर बघत होती, नवे रस्ते, खणलेले चर आणि चराच्या कडेला रचून ठेवलेले आमचे तपकिरी पाइप. "आपलेच हायत," ती म्हणाली आणि तिला धाप लागली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी छातीचा फोटो काढला आणि उजेडाला धरून बराच वेळ बघितला. मग मायला विचारलं, "मावशी, तुम्ही दगड फोडता का?" माय म्हणाली, "दळते." बाईंनी मला बाहेर बोलावलं. त्यांनी सांगितलं की हा टीबी नाही. दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन बसली आहे, तिथं ती कधी विरघळत नाही, आणि औषध नाही. मी विचारलं, "पाणी मारून दळलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "तर इतकं झालं नसतं." तेवढंच. त्यांनी माझा हात धरला होता, पण मला हात कळत नव्हता. मला गुळाचा खडा दिसत होता.

परत आल्यावर मी मालकाच्या कचेरीत गेले. माझ्यामागं नूरबी खाला उभी राहिली. दादा भट्टीवरून खुणा करत होते, जाऊ नगंस, जाऊ नगंस. मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सांगितलं. मालक खुर्चीत मागं रेलला.

"धुळीनं काही होत नाही, पोरी. मी रोज येतो की इथं. मला झालं का काही?"

"तुम्ही चक्कीवर येत न्हाई, मालक."

"पाऊस नाही त्याला मी काय करू? आभाळाला अर्ज कर." मुकादम हसला. मग मालकानं गुळाच्या डब्याकडं बोट दाखवलं. "जाताना घेऊन जा. आईला दे."

मी गूळ घेतला नाही. नूरबीनं घेतला. तेव्हा मला तिचाही राग आला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी मालकाच्या बंगल्यावर बरण्या पोचवायला गेले. घरात साखरपुडा ठरला होता, थोरल्या मुलाचा, आणि मालकीणबाईंना लोणच्यासाठी नव्या बरण्या हव्या होत्या. बंगला कारखान्याच्या मागल्या अंगाला, मध्ये एक उंच भिंत. पुढच्या रस्त्यानं गेलं की भिंतीपलीकडचं कधी दिसायचं नाही. त्या दिवशी मला मागच्या दारानं यायला सांगितलं, आणि मी मोसंबीची बाग बघितली. सगळ्या तालुक्यात झाडं वाळून कोळ झालेली, जनावरं छावणीला गेलेली, आणि इथं पानं अशी हिरवी की डोळे दुखले. झाडांच्या आळ्यात पाणी उभं होतं. बागेच्या कडेनं आमचे पाइप टाकलेले होते, अर्धे मातीत, अर्धे वर. मी वाकून एकाला कान लावला. आतून पाणी खळखळत होतं. पाइपाच्या रेषेवर नजर टाकली तर ती भिंतीखालून सरळ कारखान्याच्या विहिरीकडं गेलेली. वरून एक थेंब कुठं झिरपला नव्हता. मायनं दळलेला दगड, मायनं उपसलेला गाळ, आणि मायच्या वाटचं पाणी त्यातून मोसंबीला चाललेलं.

मी तिथं रडले नाही. मला आठवतंय, मी बरण्या नीट ठेवल्या, मालकीणबाईंनी दिलेला चहा प्यायले आणि साखरपुडा कधी आहे ते विचारून घेतलं.

नूरबीला सांगितलं तेव्हा ती चक्कीपाशी उभी होती. तिनं ऐकून घेतलं, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि विचारलं, "तू डोळ्यानं बघितलंस?"

"डोळ्यानं बघितलं. कानानं ऐकलं."

"मग बेटी, आहेर न्यायला पाहिजे." तिनं शेडकडं बघितलं, जिथं गारगोटीच्या पिठाची रिकामी पोती रचलेली होती. "मालकानं आपल्याला जे दिलं तेच न्यायचं."

साखरपुड्याच्या दिवशी दुपारची सुट्टी झाली तशा आम्ही निघालो. कुणी तोंड धुतलं नाही, कुणी पदर झटकला नाही. प्रत्येकीच्या काखेत पोतं. आमच्या विहारात बसणाऱ्या बाया होत्या, नूरबीच्या मोहल्ल्यातल्या होत्या, धनगराच्या दोघी होत्या. जेवढ्या खोकत होत्या तेवढ्या सगळ्या. दादा भट्टीवरून उतरून आडवे आले. "इमल, माझी नोकरी जाईल," ते म्हणाले. मी म्हणलं, "दादा, माय चालली." ते बाजूला झाले. पुढं जाऊन मी मागं बघितलं तर ते आमच्या मागून येत होते, लांबून, खाली मान घालून.

फाटकावरच्या माणसाला नूरबीनं सांगितलं की मालकीणबाईंनी भांडी घासायला बोलावलंय. त्यानं सोडलं. पांढऱ्या बाया त्याला रोजच्याच होत्या. हॉलमध्ये उन्हाच्या झळा नकोत म्हणून दारंखिडक्या लावलेल्या आणि मधोमध कूलर घरघरत होता. लातूरहून पाहुणे आलेले. नव्या जिल्ह्याचे दोनचार साहेबही, कारण तेव्हा ज्याच्या घरी काही कार्य असेल तो साहेबांना बोलवायचाच. चांदीच्या ताटात नारळ, साखर, पेढे. जिलेबीचा वास. नवरी मुलगी पिवळ्या साडीत बसलेली. आम्ही आत शिरलो आणि नूरबीनं मागं दार लावून घेतलं.

कुणी काही बोलायच्या आत मी पदर सोडला आणि झटकला. फट्. माझ्या बाजूच्या बाईनं झटकला. मग पोती उलटी करून झटकली. कूलरच्या वाऱ्यानं ती धूळ अशी उचलली की छतापर्यंत गेली. पेढे पांढरे झाले, नवरदेवाचा फेटा पांढरा झाला, आरशात कुणी दिसेना. लोक खोकत उठले. आणि त्या गोंधळात मालकाचा आवाज आला, उपरण्यानं नाक दाबून, घाबरलेला, खरा आवाज:

"दारं उघडा! लेकरं बाहेर काढा आधी! छातीत बसते ही धूळ, मरेस्तोवर निघत नाही!"

कूलर कुणीतरी बंद केला. धूळ खाली बसत होती आणि सगळे त्याच्याकडं बघत होते. पाहुण्यांतला एक टकला साहेब, कामगार खात्यात नव्यानं आलेला, हातरुमालानं चष्मा पुसत म्हणाला, "शेठ, कसली धूळ आहे ही? तुमच्याच कारखान्यातली ना?"

मालकानं उपरणं तोंडावर आणखी घट्ट धरलं. नूरबी पुढं गेली. तिनं कनवटीतून गुळाचा खडा काढला, तोच, त्यानं मायसाठी दिलेला, आणि त्याच्यासमोरच्या ताटात ठेवला. "घ्या मालक. गूळ खा. धूळ खाली जाती."

पिवळ्या साडीतल्या मुलीची लहान बहीण जोरजोरात खोकायला लागली होती. नूरबीनंच तिला कडेवर उचललं, दार उघडून बाहेर झाडाखाली नेलं, तोंड पुसलं, पाणी पाजलं. ते पोर तिच्या गळ्याला मिठी मारून होतं. त्या लहानगीचं मला वाईट वाटलं. त्या घरात बाकी कुणाचं वाटलं नाही. काही जणांनी मला विचारलं आहे, की शुभकार्यात असं करावं का? मी त्यांना म्हणते, एका दुपारच्या धुळीनं कुणी मरत नाही. आमच्या बायांनी वर्षभर रोज ती खाल्ली.

पोलीस आले. आम्हाला ठाण्यात बसवलं. जमादारानं विचारलं, गुन्हा काय लिहू? मालकाचा माणूस म्हणाला, घरात घुसून विषारी... आणि तिथं थांबला. पुढं बोलावं तर धूळ विषारी आहे असं लिहून द्यावं लागत होतं. सूर्य मावळायच्या आत आम्हाला सोडलं.

पुढं काय झालं ते सांगते. तो टकला साहेब आठवड्याच्या आत कारखान्यात आला. मनानं आला की लोक काय म्हणतील म्हणून आला, ठाऊक नाही. गोष्ट तोवर लातूरपर्यंत गेली होती आणि ती प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितली जात होती. चक्की बंद केली गेली. भिंतीखालचा पाइप उकरून काढला, विहिरीचं पाणी चक्कीकडं वळवलं, तेव्हाच चक्की परत सुरू झाली. मला आणि नूरबीला कामावर घेतलं नाही. दादांना घेतलं, कारण त्यांच्यासारखं मीठ फेकणारं दुसरं कुणी नव्हतं. सोयरीक मोडली. मोसंबीची बाग त्या उन्हाळ्यातच गेली. मी मुद्दाम बघायला जायची. भिंतीवर चढून बसायची आणि पानं पिवळी होताना, मग तपकिरी होताना, मग गळताना बघायची. इतकं मन लावून मी नंतर नर्सिंगचा अभ्याससुद्धा केला नाही. नूरबी खाला चार पावसाळे जगली. बाकीच्या एकेक करून गेल्या. पाणी आलं ते त्यांच्यासाठी उशिरा आलं. त्यांच्यानंतर चक्कीवर लागलेल्या पोरी मात्र आज आज्या झाल्यात.

माय त्याच पावसाळ्यात गेली. पण मला सांगायचं आहे ते साखरपुड्याच्या दिवशी संध्याकाळचं. मी ठाण्यातून घरी आले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती, आडवं पडलं की तिला श्वास येत नसे, आणि दोन दिवसांत तिनं घास घेतला नव्हता. दादा माझ्याआधी पोचले होते आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं. सगळं म्हणजे काय, तर त्यांनी खिडकीच्या फटीतून जेवढं बघितलं तेवढं. माय मला रागावेल असं वाटत होतं. तिनं मला जवळ बोलावलं. बोलायला तिला वेळ लागायचा, एका शब्दाला एक श्वास.

"मालक... खोकला का?"

"खोकला."

"लई?"

"लई. डोळ्यातनं पाणी येईस्तोवर."

ती डोळे मिटून तशीच बसली. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच ती दादांना म्हणाली, "चूल पेटवा. लेकरू सकाळधरनं उपाशी हाय. मीबी खाईन थोडं."